खांद्याचा पेच शिकविताना



आपल्याकडे कुस्तीचा निकाल खांद्यावर लागतो. एका गड्याचे दोन्ही खांदे एकदम मातीला टेकले, की तो चीत झाला. पंच शिट्टी देतो, ढोल वाजू लागतो, आणि जिंकलेल्या गड्याला चार माणसे आपल्या खांद्यावर उचलून घेतात. खानदेशातल्या यात्रेतील कुस्त्यांची दंगल ज्याने पाहिली आहे, त्याला हे सांगावयास नको. पोरांच्या नारळावरच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत नियम हाच.

अलीकडे मात्र दुसऱ्याच एका कुस्तीची ओळख आपल्या मुलांना झाली आहे. तिच्यात पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही. उलट, खरी कुस्ती तेथूनच सुरू होते. प्रतिस्पर्ध्याचा हात किंवा पाय अशा पेचात धरायचा, की त्याला पुढे हलता येऊ नये. मग तो आपल्या मोकळ्या हाताने दोन थापा मारतो. थाप म्हणजे ‘मी शरण आलो’. थाप पडली की पेच सोडायचा, उठायचे, हात मिळवायचे. या कुस्तीला ग्रॅपलिंग म्हणतात. ज्यूदो आणि जुजुत्सू ही तिची भावंडे. ज्यूदो १९६४ साली टोकिओच्या ऑलिंपिकमध्ये आले, आणि जुजुत्सूचा समावेश २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत झाला. तेव्हा हा प्रकार काही चोरूनमारून खेळायचा राहिलेला नाही.

आजचे बोलणे या कुस्तीतल्या एकाच पेचाविषयी आहे. तो म्हणजे खांद्याचा पेच. आणि ते मुख्यतः शाळांतील गुरुजी व बाई यांच्यासाठी, तसेच गावच्या व्यायामशाळेत मुलांना शिकविणाऱ्या वस्तादांसाठी आहे. आईबापांनीही ऐकावे. कारण मुले हा पेच मोबाइलवर पाहतात आणि मधल्या सुट्टीत पटांगणावर करून बघतात. मोबाइलवर पेच कसा घालावा हे दिसते. कोठे थांबावे हे दिसत नाही. ‘करू नका’ एवढे सांगून मुले थांबत नाहीत, हे शिक्षकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मग बंदी घालण्यापेक्षा नीट शिकविणे बरे. नीट म्हणजे कसे, तेच आज पाहू.

प्रथम एक शंका दूर करू. कोणी म्हणेल, ‘हे परदेशी खूळ आपल्या मातीत कशाला?’ तर मंडळी, सांधा पेचात धरणे हे आपल्याला नवे नाही. आपल्या मल्लविद्येच्या परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगतात: हनुमंती, जांबुवंती, जरासंधी आणि भीमसेनी. हनुमंती कुस्ती डावपेचांची, भीमसेनी बळाची. जरासंधी म्हणजे हातपाय मोडण्यापर्यंत जाणारी. आणि जांबुवंती म्हणजे गड्याला पेचात जखडून शरण आणणारी. शेजारच्या गुजरातेत मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचे ‘मल्लपुराण’ आहे, बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या करमणुकीचे प्रकरण आहे. म्हणजे ही विद्या आपल्या शेजारात आणि आपल्या घरात जुनीच आहे. आपली कुस्ती चीतपटीकडे वळली आणि शरण आणण्याचा भाग मागे पडला, इतकेच.

आता खांदा म्हणजे काय ते पाहू. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप लावून तो चोळतो. एखाद्या बैलाचा खांदा आला, म्हणजे सुजला, तर शहाणा शेतकरी त्याला जुवाला जोडीत नाही. बैलाच्या खांद्याची ही काळजी आपल्याला कोणी पुस्तकातून शिकविलेली नाही. माणसाच्या खांद्याविषयी मात्र आपण तितके जागरूक नसतो.

माणसाचा खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. हात पुढे जातो, मागे जातो, वर जातो, गोल फिरतो. ही मोकळीक कशामुळे? दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल आहे, आणि ते ज्या खोबणीत बसते ती खोबण अगदी उथळ आहे. चहाच्या बशीत लिंबू ठेवावे तसे हे आहे. खुब्याच्या सांध्यात खोल वाटी आहे. तेथे गोळा घट्ट बसतो, पण फिरतो कमी. खांद्यात बशी आहे. गोळा पुष्कळ फिरतो, पण निसटतोही लवकर. म्हणून शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. त्या लिंबाला बशीवर धरून ठेवण्याचे काम सांध्याभोवतीची पिशवी आणि चार लहान स्नायूंचा वेढा करतो. पेच लागला की ताण येतो तो या पिशवीवर, या स्नायूंवर, आणि कोपराच्या बंधांवरही.

तरुण मुलाचा खांदा एकदा निखळला, की तो पुन्हा पुन्हा निखळण्याचा धोका पुष्कळ असतो. शिवाय वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक नाजूक पट्टा असतो. हाडाची वाढ तेथून होते. त्याला इजा झाली तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आपल्या मुलांना पुढे नांगर धरायचा आहे, मिरचीची पोती उचलायची आहेत, कोणाला पोलीस भरतीत गोळा फेकायचा आहे. म्हणजे दहा मिनिटांच्या खेळात दुखावलेला खांदा चाळीस वर्षांची कमाई दुखावू शकतो. या पेचाबाबत एवढी खबरदारी सांगण्याचे कारण हे आहे.

आता पेच कसा काम करतो ते सांगतो. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला हॅण्डल मारलेले आपण पाहिले असेल. हॅण्डल काटकोनात वाकलेले असते, म्हणूनच ते हाती धरून आतला दांडा फिरविता येतो. हॅण्डल सरळ सळईसारखे असते तर इंजिन कोणालाच फिरविता आले नसते. खांद्याच्या पेचाचे मर्म एवढेच आहे. कोपरात काटकोनात वाकलेला हात म्हणजे हॅण्डल. मनगट ही त्याची मूठ, दंड हा आतला दांडा, आणि फिरतो तो खांदा. म्हणून लहान चणीची मुलगीसुद्धा मोठ्या गड्याला या पेचात धरू शकते. तिचे दोन हात आणि सगळे अंग त्याच्या एका हाताविरुद्ध असते, आणि तरफेचा फायदा तिच्याकडे असतो.

या पेचाची दोन रूपे आहेत. पंजा डोक्याकडे असेल तर एक, कमरेकडे असेल तर दुसरे. ज्यूदोमध्ये दोन्हींना एकच नाव आहे: उदे-गारामी, म्हणजे हाताला घातलेला पीळ. शिकविताना पहिले रूप आधी घ्यावे, कारण त्यात हात जमिनीला टेकलेला असतो आणि वेग ताब्यात राहतो. त्याची रीत अशी.

मनात चित्र धरा. खालचा गडी पाठीवर निजलेला आहे. तुम्ही त्याच्या उजव्या कुशीला, गुडघ्यांवर, आपली छाती त्याच्या छातीवर आडवी टाकून आहात. त्याचा डावा हात तुमच्यापासून लांबचा. तो कोपरात वाकलेला, पंजा डोक्याच्या बाजूला, तळवा आकाशाकडे आणि पंजाची पाठ जमिनीला. तुमचा डावा हात त्याच्या डोक्याच्या बाजूला आहे; त्या हाताने त्याचे मनगट जमिनीशी धरा. तुमचा उजवा हात त्याच्या दंडाखालून घाला आणि आपलेच डावे मनगट पकडा. झाली चौकट तयार. आता त्याच्या पंजाची पाठ जमिनीवरून उचलू न देता, अंगण सारवताना हात फिरतो तशी, हळूहळू त्याच्या कमरेकडे सरकवा. कोपर काटकोनातच राहिले पाहिजे. शेवटी त्याच्या दंडाखालचा आपला हात किंचित, अगदी दोन बोटे, वर उचला. बहुतेकांना तेवढ्यातच ताण जाणवतो. थाप पडते. सोडा.

ही झाली रीत. ती एका तासात शिकविता येते. पण, गुरुजी, या रीतीने सुरुवात करू नका. रीत ही तिसऱ्या आठवड्याची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात शिकवायची ती थाप.

असे का, ते सांगतो. आपल्या मुलांच्या अंगात मातीची कुस्ती मुरलेली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण मातीच्या कुस्तीने त्यांना दोन सवयी लावल्या आहेत. पहिली, काहीही झाले तरी पाठ टेकू द्यायची नाही. दुसरी, तोंडाने हार म्हणून म्हणायची नाही. आपला गडी चीत होतो, पण ‘हरलो’ असे कधी म्हणत नाही. ते पंचाने म्हणायचे. आता या दोन्ही सवयी घेऊन मुलगा पेचाच्या कुस्तीत उतरला, तर काय होईल? पाठ टेकू नये म्हणून तो धडपडून पालथा होईल आणि त्याचा हात आपसूक पाठीमागे अडकेल. तेथे पेच बसेल. आणि दुसरी सवय त्याला थाप मारू देणार नाही. त्याची हिंमतच त्याच्या खांद्यावर उलटेल. भित्र्या मुलापेक्षा येथे शूर मुलाची काळजी अधिक करावी लागते.

जगातले मोठे मल्लही यातून सुटलेले नाहीत. १९५१ साली ब्राझीलमधील रिओ डी जानेरो येथे मासाहिको किमुरा या जपानी ज्यूदोपटूची एलियो ग्रेसी या ब्राझिलियन मल्लाशी कुस्ती झाली. किमुराने याच पेचाचे दुसरे रूप, पंजा कमरेकडचे, त्याच्यावर घातले. ग्रेसी हार मानीना. अखेर त्याच्या थोरल्या भावाने पुढे होऊन कुस्ती थांबविली. ग्रेसी घराण्याने या पराभवाचा राग धरला नाही. आज जगभर तो पेच जिंकणाऱ्याच्याच नावाने, ‘किमुरा’ म्हणून ओळखला जातो. ग्रेसीच्या हिंमतीचे कौतुक लोक करतात. पण, मंडळी, तो पोक्त मल्ल होता आणि थांबविणारा भाऊ जवळ होता. आपल्या आश्रमशाळेच्या पटांगणावर मधल्या सुट्टीत थांबविणारे कोण असते?

म्हणून मुलांना जांबवंताची गोष्ट सांगा. स्यमंतक मण्यासाठी श्रीकृष्ण आणि जांबवंत यांचे अठ्ठावीस दिवस युद्ध झाले, असे भागवत सांगते. शेवटी जांबवंताचे अंग शिणले. समोर कोण आहे ते त्याने ओळखले आणि तो शरण आला. त्याने मणी दिला, आपली कन्या जांबवती दिली. शरण आला म्हणून जांबवंताला कोणी भित्रा म्हटले आहे काय? नाही. उलट, शरण आणण्याच्या कुस्तीला त्याचेच नाव मिळाले. समोरच्याचा डाव ओळखणे आणि वेळेवर ओळखणे, ही बुद्धी आहे. थाप म्हणजे भीती नव्हे. ‘तुझा डाव मला कळला, सोड, पुन्हा करू,’ असे ते बोलणे आहे.

आता शिकविण्याचा क्रम सांगतो.

पहिला आठवडा थापेचा. मुलांच्या जोड्या करा. एकाने दुसऱ्याचा हात नुसता धरायचा, पिळायचा नाही. दुसऱ्याने थाप मारायची, पहिल्याने त्याच क्षणी सोडायचे. थाप समोरच्याच्या अंगावर मारावी, म्हणजे ती त्याला जाणवते. हात मोकळा नसेल तर पायाने जमीन आपटावी. तेही जमत नसेल तर तोंडाने ‘बस’ म्हणावे. आपल्या वर्गात कोणी अहिराणी बोलतो, कोणी भिली, कोणी पावरी, कोणी गुजर बोली. ‘बस’ हा शब्द सर्वांना कळतो. तो एकच शब्द ठरवून घ्या, म्हणजे घोटाळा होत नाही. हा खेळ दिवसाला वीस वेळा झाला पाहिजे. मुले हसतील, हसू द्या. आठवड्याने थाप पडताच हात आपोआप सुटू लागेल. तसा सुटला नाही, तर पुढचा धडा देऊ नका.

दुसरा आठवडा बैठकीचा. वरच्या गड्याने छातीचे ओझे कसे टाकावे, गुडघे कोठे ठेवावेत; खालच्या गड्याने पाठीवर असतानाही श्वास कसा चालू ठेवावा, एवढेच. मातीच्या पैलवानाला पाठीवर पडून राहणे जिवावर येते. ‘येथे पाठ टेकणे म्हणजे हार नाही,’ हे त्याच्या अंगाला समजायला वेळ द्यावा लागतो. खाशाबा जाधवांचेच पाहा. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये या मातीतल्या पैलवानाला गादीची कुस्ती आणि तिचे नियम नवखे होते, तरी ते सहावे आले. नियम समजून घेऊन कसून तयारी केली, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. नवी कुस्ती म्हणजे नवा अभ्यास. जुन्या कुस्तीचा तो अपमान नव्हे.

तिसऱ्या आठवड्यात पेच घ्या, आणि तो पाच अंकांवर घ्या. ‘एक’ म्हणताच मनगट धरायचे. ‘दोन’ला दंडाखालून हात. ‘तीन’ला आपलेच मनगट पकडून चौकट. ‘चार’ला सारवल्यासारखे कमरेकडे सरकविणे. आणि ‘पाच’ म्हणजे थांबणे. होय, पाचव्या अंकाला काही करायचे नाही. आहे तेथे थांबायचे आणि खालच्या गड्याच्या तोंडाकडे पाहायचे. अंक तुम्ही मोजा, मुलांना मोजू देऊ नका. मुले चढाओढीने भरभर मोजतात. आणि पेचाला हिसका कधीच द्यायचा नाही. हिसका दिला की थाप मारायला वेळच उरत नाही. हिसका देणाऱ्या मुलाला त्या दिवसापुरते बाजूला बसवा, मग तो कितीही चांगला खेळाडू असो.

खालच्या गड्यालाही एक गोष्ट बजावून सांगा. दुखू लागेपर्यंत वाट पाहायची नाही. काहींचे खांदे इतके लवचीक असतात, की दुखणे जाणवेपर्यंत फार उशीर झालेला असतो. काहींचे खांदे मुळातच आखडलेले असतात. त्यांना लवकर ताण येतो. म्हणून नियम असा: हात आणखी हलत नाही असे वाटले, की थाप. दुखण्याला थाप नाही, अडकण्याला थाप.

चौथ्या आठवड्यात सुटका शिकवा. इंजिनाच्या हॅण्डलची गोष्ट पुन्हा आठवा. हात सरळ झाला की हॅण्डलच नाहीसे होते. तेव्हा चौकट पुरी होण्याआधी हात ताठ करावा, किंवा कोपर आपल्या बरगडीशी आणून चिकटवावे, किंवा आपलाच कपडा घट्ट धरून ठेवावा. पण चौकट पुरी झाली आणि हात कमरेकडे सरकू लागला, की मग झटापट नको. सुटकेची वेळ कोणती आणि थापेची वेळ कोणती, हे ज्याला उमजले त्याला हा पेच आला असे समजावे.

जागेविषयी दोन शब्द. गाद्या असतील तर उत्तम. नसतील तर कुस्तीचा हौदा आहेच. तेल-ताक-हळद घालून कसलेली आणि उकरून भुसभुशीत केलेली माती ही चांगलीच गादी आहे. पटांगणाच्या कडक मुरुमावर किंवा वर्गाच्या फरशीवर हे कधीही करू नये. जोड लावताना वजन आणि वय दोन्ही पाहावे. मुली-मुलींच्या जोड्या वेगळ्या लावाव्यात, आणि मुलींना हे शिकवावेच; त्या पाच अंकांची शिस्त चांगली पाळतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना पेच देऊ नये, थाप आणि बैठक एवढेच द्यावे, असे माझे मत आहे. ज्याचा खांदा पूर्वी निखळलेला आहे, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरवू नये.

आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घातली पाहिजे. हा पेच कोठे चालतो आणि कोठे चालत नाही. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा हात काटकोनापलीकडे पिरगाळण्यास मनाई आहे. शालेय कुस्ती स्पर्धांतही याच दोन प्रकारांच्या कुस्त्या होतात. तेथे कोणी हा पेच घातला, तर पंच कुस्ती थांबवील आणि दंड मुलालाच होईल. यात्रेच्या दंगलीतही तो घालू नये. तेथे निकाल चीतपटीचा आहे. ज्या आखाड्याचा जो नियम, तो पाळावा.

आणि आखाड्याबाहेर तर मुळीच नाही. बांधावरच्या भांडणात, बाजारच्या गर्दीत, लग्नाच्या वरातीत कोणी हा पेच घातला आणि हाड निखळले, तर ती साधी मारामारी राहत नाही. हाड मोडणे किंवा निखळणे हे कायद्याने जबर दुखापतीत धरले आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तसे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे. रागाच्या एका क्षणासाठी पोराचे नाव पोलिसांत गेले, तर भरतीचे स्वप्न तेथेच अडखळते. हे मुलांना आधीच समजावून सांगितलेले बरे.

एवढी खबरदारी घेऊनही कधी दुखापत झालीच, तर काय करावे? खांद्याचा गोलपणा जाऊन तो चपटा दिसू लागला, हात हलेना, तर खांदा निखळला असे समजावे. प्रथम, कोणालाही हात ओढू देऊ नये. ‘एक झटका देतो, बसवून टाकतो’ म्हणणारे चार लोक गोळा होतात. त्यांना हात जोडून दूर ठेवावे. ओढाओढीत हाड मोडू शकते, शीर किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. ज्या स्थितीत मुलाला बरे वाटते त्याच स्थितीत हात उपरण्याने किंवा ओढणीने गळ्यात बांधून अंगाशी धरून ठेवावा. बोटे गार किंवा निळसर पडली आहेत काय, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे काय, हे पाहून डॉक्टरांना सांगावे. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि क्ष-किरण फोटो काढल्याशिवाय हाडवैद्याकडे नेऊ नये.

धडगावच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर हे घडले, तर चांदसैलीचा घाट उतरून तळोद्यास यायचे आणि पुढे तापी ओलांडून नंदुरबार गाठायचे, एवढी वाट त्या मुलाला हात छातीशी धरून काढावी लागते. शहरातल्या खेळाडूच्या दाराशी दवाखाना असतो. आपल्याकडे दवाखाना लांब आहे. म्हणून आपल्याकडे पाचवा अंक, थांबण्याचा अंक, शहरापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

कोणी विचारील, इतकी जोखीम असेल तर शिकवावेच कशाला? त्याला माझे उत्तर असे. चीतपटीच्या कुस्तीत निकाल पंच देतो. या कुस्तीत हरणारा स्वतः निकाल सांगतो, आणि जिंकणारा तो तत्काळ मानतो. एकाचा सांधा दुसऱ्याच्या हाती असतो, आणि तो दुखविला जाणार नाही असा दोघांना भरवसा असतो. आपल्या हाती आलेले बळ दुसऱ्याच्या एका थापेसरशी सोडून देता येणे, हे शिक्षण पुस्तकातून देता येत नाही. अंगाला लागलेली ती सवय आहे, आणि ती शाळेच्या वयातच लागते. पुढे हीच मुले घरात मोठी होतील, गावात पुढारी होतील, कोणाच्या तरी हाताचे मनगट त्यांच्या हाती येईल. तेव्हा समोरचा ‘बस’ म्हणाला की थांबण्याची सवय त्यांच्या हाताला असली, तर गुरुजींच्या चार आठवड्यांचे चीज झाले.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, उद्या मुले विचारतील, ‘गुरुजी, तो खांद्याचा डाव शिकवा ना!’ तर त्यांना रागावू नका. म्हणा, ‘शिकवतो बाळांनो, पण आधी थाप मारायला शिका.’ आणि हौदा उकरायला घ्या.